कानामागून आली

३ मार्च, सोमवार

तो येतोय. आजपासून बरोबर सव्वीस दिवस. पंचावन्नाव्या वर्षी डायरी लिहायला घेण्याइतकं हे कारण मोठं आहे का, असं नवरा विचारत होता. त्याला म्हटलं, तू तुझ्या पाणीखात्याच्या पाइपांचं बघ.

माझ्या मैत्रिणी त्याला नावाने ओळखतात. आमच्या घरात त्याला खरखऱ्या म्हणतात. हे नाव नवऱ्याने ठेवलं, कुचेष्टेने, कारण त्याचा आवाज पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. मीही तेच उचललं, पण माझ्या तोंडी ते लाडाचं झालं. मी एकोणीस वर्षांची असताना पहिली कॅसेट ऐकली. फीत इतकी झिजली की शेवटी एका बाजूचं गाणं दुसऱ्या बाजूला उलटं ऐकू यायला लागलं. तेही मी आवडीने ऐकायचे. आज तो बहात्तर वर्षांचा आहे. अजून स्वतःची गिटार स्वतः वाजवतो.

सत्तावीस वर्षांपूर्वी तो या गावात आला होता. माझ्याकडे तिकीट होतं. आदल्या दिवशी लेकीला गोवर उठला. दोन वर्षांची पोर, अंगावर घेऊन मी खिडकीत बसले होते आणि मैदानावरचा आवाज वाऱ्याबरोबर तुकड्यातुकड्याने येत होता. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, असं मला वाटतं. लेक म्हणते, वर्षातून चारदा करतेस.

म्हणून तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, माझ्या वाढदिवसाला तिने दोन तिकिटं हातात ठेवली. म्हणाली, "घे. गोवराची भरपाई." दोन. एक माझं, एक तिचं. स्टेजसमोरच्या कठड्याजवळची, उभं राहायची. २९ तारखेला, शनिवारी, दुपारी चार वाजता. म्हाताऱ्याला लवकर जेवून झोपायचं असणार.

ती माझ्या दुकानातच वाढली. मी चष्म्याच्या काचा घासायचे, टेपवर तो गात असायचा आणि ही स्टुलावर बसून चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांवर ताल धरायची. त्याची गाणी आम्हा दोघींची आहेत. तिसऱ्या कुणाची नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

लेकीला फोन केला. कोणते कपडे, कोणत्या फाटकाने आत जायचं, सगळं ठरवायचं होतं. ती नुसती "हं? काय?" करत होती. तीनदा तेच सांगितलं. मग म्हणाली, "थांब, फोन इकडे धरते." आणि तरीही लक्ष नाहीच. शेवटी फोन विहीणबाईंनी घेतला. "ताई, ती जरा पडलीय. मी सांगते तिला."

तुम्ही सांगणार? माझ्या मुलीला, माझा निरोप?

लग्नाला दोन वर्षं झाली. जावई चांगला आहे, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतो. म्हणजे घरात राहिल्या या दोघीच. विहीणबाई बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होत्या. तीस वर्षं काचेचा खणखणाट ऐकून दोन्ही कान गेले. दोन्ही कानांमागे मशीन आहे. स्वभावाने वाईट नाहीत, हे मला मान्य आहे. वाईट असत्या तर सोपं झालं असतं.

९ मार्च, रविवार

दोघी जेवायला आल्या होत्या. लेकीचे गाल चांगले वर आलेत. सासरचं अन्न मानवलेलं दिसतंय. माझ्याकडे असताना हाडं मोजता यायची, कितीही खाऊ घाला.

मी ओट्यापाशी होते, ती बाजूला टेबलावर. हाक मारली. वळली नाही. दुसऱ्यांदा मारली, नावाने, जोरात. नाही. विहीणबाईंनी हलकेच खांद्याला बोट लावलं, तर लगेच, "काय हो आई?" आणि मग माझ्याकडे बघून, "तू काही म्हणालीस का?"

मी म्हटलं, "नाही. भिंतीशी बोलत होते."

लग्न झाल्यावर मुली बदलतात, हे ऐकून होते. आपली मुलगी ऐकेनाशी होईल असं कुणालाच वाटत नाही.

जेवणानंतर मी खरखऱ्याची जुनी रेकॉर्ड लावली. मोठ्याने, नेहमीसारखी. एक मिनिट झालं नसेल. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आई, बंद कर ना जरा." या घरात त्याला बंद कर म्हणणारा आजवर एकच माणूस होता, आणि त्यानेही पहिल्या वर्षानंतर सोडून दिलं होतं. आज नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा मला त्याचीच सोबत वाटली.

जिना उतरताना ती भिंतीला हात धरून उतरत होती आणि विहीणबाई तिचं कोपर धरून. एवढी काय ती नाजूक झाली! मी वरून बघत उभी. आमच्या घरात कोपर धरायची पद्धत नाही. आम्ही ढकलतो.

१२ मार्च, बुधवार

दुकानात एक गृहस्थ आले. सहा वर्षं चुकीच्या नंबरचा चष्मा वापरतायत. तक्रार काय, तर घरातले दिवे मंद झालेत. तीन बल्ब बदलले म्हणे. माणसाला आपले डोळे बिघडलेत हे सगळ्यात शेवटी कळतं. नवा नंबर लावल्यावर समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली आणि मुलासारखे हसले. दिवस बरा गेला.

सतरा दिवस.

१५ मार्च, शनिवार

काय लिहू? लेक दुपारी दुकानात आली होती. एकटीच. स्टुलावर बसली, पण नेहमीच्या बाजूला नाही, माझ्या डावीकडे येऊन बसली. बराच वेळ फ्रेम्स इकडच्या तिकडे करत होती.

"आई, २९ तारखेला मला नाही जमणार."

"म्हणजे?"

"ऑफिसात काम आहे. नकाशे द्यायचेत."

"शनिवारी?"

"हो."

आर्किटेक्टच्या ऑफिसात शनिवारी कुत्रं फिरकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी गिळलं. म्हटलं, "मग? एकटी जाऊ?"

"आई येतील तुझ्याबरोबर. माझं तिकीट मी त्यांना दिलंय."

मला आधी हसूच आलं. पस्तीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली, त्याच्यासमोर माझ्या शेजारी कोण उभं राहणार, तर ज्यांनी त्याचं एक गाणं ऐकलेलं नाही अशा विहीणबाई. मी म्हणाले, "वा! कानामागून आली आणि तिखट झाली. आणि कानामागे मशीन घेऊन आली! अगं, त्यांना ऐकू तरी येणार आहे का? रॉक ऐकायला बहिरं माणूस न्यायचं म्हणजे माझ्या दुकानात आंधळ्याला आरसा विकण्यासारखं."

चांगला विनोद होता. काउंटरपाशी उभी असलेली बाई फिसकन हसली.

लेक हसली नाही. तिचा हात केसांकडे गेला, डाव्या बाजूची बट तिने पुढे ओढली, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या थोबाडीत मारलीय. "जाते मी," म्हणाली. तिने आणलेली केळी काउंटरवरच राहिली.

सासूवर एक शब्द सहन होत नाही. एवढी माया. मला कधी कुणी काही बोललं तेव्हा हिने अशी बट ओढली होती का?

१८ मार्च, मंगळवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने चहा संपेपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ती का येत नाही, हे तू विचारलंस का?"

"सांगितलं ना तिने. काम आहे."

"तिने सांगितलं. तू विचारलंस का?"

"तुला तर बाबा शब्दांचेच खेळ सुचतात."

"बरं," म्हणाला, आणि कप धुवायला गेला. हा माणूस भांडत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष आहे.

२१ मार्च, शुक्रवार

विहीणबाई दुकानात आल्या. वही घेऊन! म्हणाल्या, "ताई, मला त्याची गाणी शिकवा. निदान पाच-सहा. अगदी कोरी पाटी घेऊन नको जायला."

नाही कसं म्हणणार? शटर अर्धं ओढलं आणि लावली गाणी. मला वाटलं, दहा मिनिटांत कंटाळतील. बाई तीन तास बसल्या. आणि प्रश्न तरी कसले! यात ढोल आधी सुरू होतो की गिटार? हा मागचा जाड आवाज कसला? हे वाक्य संपताना तो श्वास घेतो का? एकच गाणं तीनदा लावायला लावलं. एकदा दोन्ही मशीनं लावून, एकदा काढून, एकदा उजवं ठेवून डावं काढून. दर वेळी डोळे मिटून ऐकायच्या आणि वहीत काहीतरी टिपायच्या.

मी म्हटलं, "परीक्षेला बसताय की काय?"

"परीक्षाच आहे म्हणा," त्या म्हणाल्या.

मला पस्तीस वर्षांत जे कधी लक्षात आलं नव्हतं, ते त्यांनी त्या तीन तासांत पकडलं. त्या जुन्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर तो एक ठोका मुद्दाम सोडतो. मी इतकी वर्षं त्या ठिकाणी नुसती मान हलवत होते. घरी येऊन पुन्हा ऐकलं. सोडतो खरंच. झोंबलं मला.

पण खरं झोंबलं ते वेगळंच. मध्येच त्यांचा फोन वाजला. ऐकू येत नाही म्हणून त्या नेहमी स्पीकरवर बोलतात. लेकीचा आवाज दुकानभर घुमला, "ए आई, पोचलीस का तू?"

ए. आई. तू.

सासूला ती 'अहो आई' म्हणते आणि मला 'ए आई'. या एका 'ए'च्या जोरावर मी दोन वर्षं निर्धास्त होते. म्हटलं, तिकडे मान असेल, हक्क इकडेच आहे. आता तोही गेला. कधी गेला, कसा गेला, कुणी सांगितलंसुद्धा नाही. विहीणबाई कसल्याशा गोळीबद्दल विचारत होत्या, घेतलीस का, किती राहिल्या, असं काहीतरी. मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात तो 'ए' वाजत होता.

२७ मार्च, गुरुवार

लेकीचा मेसेज. "आई, पाणी ने. टोपी घाल. कठड्याला धरून उभी राहा. खूप मजा कर." बस. जणू मीच तिची लेक.

उत्तरात 'बरं' लिहिलं. मग ते खोडून 'हो' लिहिलं. 'बरं'मध्ये राग दिसतो.

३० मार्च, रविवार, सकाळ

काल तो गायला.

क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं सांडेल.

तीन वाजता मैदानात पोचलो. ऊन होतं. आमच्या पुढे विशी-पंचविशीच्या पोरींचा घोळका, अंगात त्याच्या चित्राचे कोरे करकरीत शर्ट. मनात म्हटलं, तुमच्या आया शाळेत होत्या तेव्हापासून तो माझा आहे. त्यातल्या एकीने मागे वळून विहीणबाईंचे पांढरे केस पाहिले आणि म्हणाली, "आजी, तुम्ही पुढे या ना." आणि विहीणबाई थेट कठड्याला! मी पासष्टीची दिसत नाही म्हणून दुसऱ्या रांगेत. त्या वेळी मला केस रंगवल्याचा पश्चात्ताप झाला. तेवढ्यात विहीणबाईंनी मागे हात घालून माझं मनगट पकडलं आणि भाजीची पिशवी ओढावी तसं मला पुढे ओढलं. बाटल्यांच्या खोक्यांनी कमावलेला हात आहे तो.

चार वाजून दहा मिनिटांनी तो आला. कुणी नाव पुकारलं नाही. बाजूच्या पडद्यातून एक उंच, वाकलेला म्हातारा चालत आला, एकेक पाऊल बघून टाकत, ओल्या फरशीवरून चालावं तसा. हा? माझ्या भिंतीवर तर कमरेत लवलेला, केस उडवणारा एक वाघ होता. गिटार गळ्यात अडकवायला त्याला दुसऱ्या माणसाची मदत लागली. बोटांची पेरं सुजलेली, इतक्या जवळून दिसत होती. मैदान गप्प झालं. मला वाटलं, नको, परत जा, आम्ही सगळे मिळून मानू की तू येऊन गेलास.

आणि त्याने पहिली तार छेडली.

तो आवाज कानांतून आला नाही. कठड्याच्या लोखंडातून तळव्यांत आला, तळव्यांतून कोपरांत, आणि छातीच्या मधल्या हाडावर येऊन बसला. मी ओरडले. काय ओरडले ते माहीत नाही. रडत होते. वीस हजार लोक होते म्हणतात, मला एकही दिसत नव्हता. तो वाकलेला माणूस तारेगणिक सरळ होत गेला. तिसऱ्या गाण्यापर्यंत तो बहात्तरचा राहिला नव्हता आणि मी पंचावन्नची.

मध्ये तो स्टुलावर बसला आणि ते जुनं गाणं घेतलं. त्यात एक सूर आहे, वर, अगदी छपरावरचा. सगळे त्याची वाट बघत होतो. त्या जागी येऊन तो थांबला. प्रयत्नच केला नाही. माइकजवळ येऊन ती ओळ त्याने नुसती बोलली, शेजारच्याला सांगावी तशी. माझ्या अंगावर काटा आला. सूर लावला असता तर इतका आला नसता. मग मागून कुणीतरी तो सूर धरला, मग सगळ्यांनी. तो मान खाली घालून ऐकत बसला.

आता जळकी गोष्ट. लिहायचीच आहे.

मी वेडी झाले होते तेव्हा विहीणबाई काय करत होत्या? मशीन काढ, मशीन घाल. एक कान, दुसरा कान. मग दोन्ही काढून पिशवीत ठेवली आणि कठड्यावर दोन्ही हात सपाट दाबून डोळे मिटून उभ्या राहिल्या. मध्येच वही! चालू कार्यक्रमात वही! मला वाटलं, बाईंचा जीव रमत नाही, उगाच चाळा चाललाय. लेकीच्या हक्काची जागा, आणि तिथे हा चाळा. पाचव्या गाण्यानंतर त्या पुन्हा एक मशीन कानामागे अडकवत होत्या. तेव्हा तो स्टेजच्या कडेला आला होता, आमच्यापासून चार-पाच हातांवर. त्याने खाली बघितलं.

माझ्याकडे नाही. त्यांच्याकडे.

बघत राहिला. मग हसला. स्वतःचे लांब पांढरे केस कानामागे सारले, मान जरा वळवली आणि कानामागे बोटाने दोनदा टकटक केलं. विहीणबाईंनीही आपल्या कानामागे टकटक केलं. दोघं असे हसले की जणू एका शाळेत होते.

पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं मी त्या नजरेची वाट बघितली, आणि ती गेली आठ दिवसांच्या विद्यार्थिनीकडे. मी हात हलवला, ओरडले, टोपी फेकली. तो वळून ढोलवाल्याकडे निघूनही गेला. ती खूण कसली, हे मला कळलंही नाही. "ऐकू आलं का," असं विचारत असेल. विहीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "सांगते नंतर." डोळे पुसत होत्या. मी काही विचारलं नाही पुन्हा. मला राग आला होता.

आता निघते. लेकीकडे जाते. पहिल्या तारेपासून शेवटच्या टाळीपर्यंत तिला सगळं मीच सांगणार. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नाही.

३१ मार्च, सोमवार

दुकान उघडलं नाही.

काल पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले. त्या दोघी बाल्कनीत बसल्या होत्या, पाठमोऱ्या, वही मांडीवर. विहीणबाई तिच्या उजव्या बाजूला. मला उशीर झाला होता. त्या आधीच सांगत होत्या. तिथूनच परत फिरणार होते, पण ऐकू आलं.

"... मशीन लावलं की गिटार पत्र्यासारखी ऐकू येते, खोटं नाही सांगत. पहिली दोन गाणी मला काहीच लागलं नाही. पण ढोल आणि तो जाड आवाज आहे ना, तो मशीन काढूनही येतो. हाताने येतो. पायाने येतो. आणि शब्द तुला पाठच आहेत. तुला तर दुसरा कान आहे गं. जपलास तर तुला माझ्या चौपट येईल. आणि एक सांगू? त्याच्या स्वतःच्या कानामागे मशीन आहे. मी पाहिलं. त्याने मला दाखवलं."

लेक हसत होती आणि रडत होती. "खरंच, आई?"

मी म्हणाले, "कुणाच्या कानाबद्दल बोलताय?"

लेकीने वळून पाहिलं नाही. विहीणबाईंनी पाहिलं, आणि तिच्या खांद्याला बोट लावलं.

मग तिने सांगितलं. फेब्रुवारीच्या मध्यावर एके सकाळी उठली, तर डाव्या कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. कापूस नव्हता. कान गेला होता, एका रात्रीत. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, कारण सापडत नाही. गोळ्या दिल्या. त्यांनीच तोंड सुजलं. मी ज्याला सासरचं अन्न म्हटलं, ते हे. चक्कर यायची, म्हणून भिंत, म्हणून कोपर. मग कानात इंजेक्शनही झालं. थोडं परत आलं, बरंचसं गेलं ते गेलंच. मोठ्या आवाजात जायचं नाही, उजवा कान सांभाळायचा. आणि पुढच्या महिन्यात मशीन.

हे सगळं ऐकल्यावर आई काय म्हणेल? जवळ घेईल, रडेल. मी काय म्हणाले ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे कबूल करणार?

मी म्हणाले, "यांना आधी सांगितलंस?"

लेक म्हणाली, "सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं. तिसऱ्या दिवशी."

मी डोळे तपासते. रोज वीस माणसं माझ्यासमोर खुर्चीत बसतात. आणि माझी मुलगी सहा आठवडे माझ्यासमोर मान वळवून वळवून ऐकत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस का? सगळं सोडून माझ्या उशाशी बसली असतीस. एकदा माझ्यामुळे हुकलं होतं तुझं. पुन्हा नको होतं. ठरवलं होतं, कार्यक्रम झाला की सांगायचं."

"मग काल कार्यक्रम संपल्यावर का नाही सांगितलंस?"

तिने डावी बट पुढे ओढली. मग म्हणाली, "त्या दिवशी दुकानात तू ते बोललीस ना, बहिऱ्या माणसाबद्दल. ती बाई हसली. मग वाटायला लागलं, नंतरही नको सांगायला."

मी बसले. तिच्या उजवीकडे विहीणबाई होत्या, म्हणून डावीकडे बसले. बराच वेळ काहीतरी बोलत राहिले, माफी वगैरे. मग लक्षात आलं की तिला त्यातलं काहीच ऐकू येत नाहीये. विहीणबाई उठल्या, मला हाताने उचलून स्वतःच्या जागेवर बसवलं, आणि चहा टाकायला आत गेल्या.

३ एप्रिल, गुरुवार

विहीणबाईंकडे गेले, एकटी. लेक ऑफिसात होती. माफी मागायची होती, पण मला नीट मागता येत नाही, मध्येच 'पण' येतो.

त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा तो विनोद मला कळलाय. तिने नाही सांगितला, मीच खोदून काढला. चांगला होता. मी असते तर हसले असते."

"असं नका हो बोलू."

"खरं सांगते. मला वीस वर्षांची सवय आहे. बसमध्ये, बँकेत, लग्नात, लोक काय काय बोलतात. पण तिचा पहिलाच महिना होता ना. पहिल्या महिन्यात कातडी पातळ असते."

मग आम्ही चहा प्यायलो. निघताना मी विचारूनच टाकलं, "ती तुम्हाला 'ए आई' कधीपासून म्हणायला लागली?"

त्यांनी आठवून पाहिलं. "मार्चच्या मध्यावर इंजेक्शन दिलं ना कानात, त्या दिवशी. फार दुखलं तिला. ओरडली, 'ए आई!' मला वाटतं, तुम्हालाच हाक मारली असेल. मी होते तिथे, म्हणून मी 'ओ' दिली."

रस्ताभर हे वाक्य घोळवत आले. अजून कळत नाही, याने बरं वाटावं की आणखी दुखावं. दोन्ही होतंय.

९ एप्रिल, बुधवार

आज मशीन बसवलं.

तिघी गेलो. मशीनवाली बाई म्हणाली, आतली खोली लहान आहे, बरोबर एकीनेच यायचं. लेक माझ्याकडे बघायला लागली, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिचा तो चेहरा मला बघवेना. आणि आत काय विचारायचं असतं, कुठे टोचतं, कुठे शिट्टी वाजते, यातलं मला काय कळतं?

म्हणाले, "ताई, तुम्ही जा."

म्हणाले खरी. मग पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसून होते. दाराला काचेची पट्टी आहे, तिच्यातून विहीणबाईंची पाठ तेवढी दिसायची. पाठ हलली की मला वाटायचं, आत काहीतरी छान घडतंय आणि ते मला सोडून घडतंय. शेजारच्या म्हातारबुवांनी पेपर पुढे केला. तोच मथळा चारदा वाचला.

बाहेर आल्या तेव्हा लेक भांबावली होती. पंख्याचा आवाज, चपलांचा आवाज, सगळंच अंगावर येतंय म्हणाली. मशीन छोटंसं आहे, केसांत दिसलंही नसतं, तरी तिने केस मागे बांधले होते. रिपोर्टची फाईल विहीणबाईंच्या काखेत. मशीनची डबी विहीणबाईंच्या पिशवीत. जादा बॅटऱ्या, त्याही तिथेच. लेक मधे, त्या उजवीकडे, मी डावीकडे. लांबलचक बोळ, समोरून माणसं येतायत, कुठेतरी गाडी ढकलल्याचा खडखडाट. मी दुसरीकडे तोंड केलं आणि अगदी ओठांतल्या ओठांत, स्वतःशीच म्हणाले, "फाईल पण हिच्याकडे, डबी पण हिच्याकडे. मी आपली हवा खायला आलेय."

"डबी हवीय का तुला?" लेक म्हणाली.

मी जागच्या जागी थांबले. "काय म्हणालीस?"

"तूच म्हणालीस ना. आणि हवा खायला आलेय, ते पण आलं ऐकू. मेलीस तू आता, आई."

विहीणबाई चार पावलं पुढे गेल्या होत्या, वळून विचारायला लागल्या, "काय झालं? काय म्हणतायत त्या?" त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

त्यांना गेलं नव्हतं, आणि माझ्या लेकीला गेलं होतं, डाव्या कानाने. सबंध महिन्यात मला एवढं बरं वाटलं नव्हतं. मग मी मुद्दाम, आणखी हळू, जवळजवळ श्वासातच, तिच्या सासूची आणखी एक चहाडी केली.

तीही तिला ऐकू आली.